वरीलप्रमाणे आठ नंबर

माझ्या बुटाचा नंबर आठ. हे मी आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आलो, कुणी विचारो न विचारो. आणि या एका आकड्यापायी मी माझ्याच ऑफिसात, माझ्याच हाताखालच्या माणसांसमोर नुसत्या मोज्यांवर उभा राहिलो. पण थांबा, गोष्ट माझी नाही, माझ्या बायकोची आहे. मी मध्येमध्ये लुडबुड करणार. सवय आहे, सांभाळून घ्या.

आमची ही पुरुषांच्या बुटांच्या दुकानात काम करते. येणाऱ्याला खुर्चीत बसवायचं, आपण समोर वीतभर उंचीच्या स्टुलावर बसायचं, त्याचा पाय हातात घेऊन माप काढायचं आणि त्याला बूट घालून द्यायचा, हे तिचं काम. एकोणीस वर्षं झाली. लागली होती खरं तर गल्ल्यावर. तेव्हा माप घ्यायला एक म्हातारे मास्तर होते. त्यांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. मालक दोन महिने नवा माणूस शोधत होते. एक दिवस एक गिऱ्हाईक चौथ्यांदा बूट बदलायला आलं आणि मालकांवर ओरडायला लागलं. ही गल्ल्यावरून उठली आणि म्हणाली, "यांना नंबर वाढवून देऊ नका. नंबर तोच, रुंद चवड्याचा द्या." मालक म्हणाले, "तुम्हाला काय कळतं त्यातलं?" ही म्हणाली, "तीन वर्षं समोर बसून बघतेय. बघायला काय पैसे पडतात?" गिऱ्हाईक बूट घालून गेलं ते परत आलंच नाही, म्हणजे बदलायला आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ही स्टुलावर.

मला ते आवडलं नाही. तोंडावर सांगितलं मी, "परक्या पुरुषांच्या पायाशी बसायचं? काही वाटतं का?"

"दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालतात," ती म्हणाली. "त्यांच्या बायकांनी काही म्हटल्याचं ऐकलं नाही मी."

मी ऑफिसात सांगून टाकलं की आमची ही एका कंपनीत सुपरवायझर आहे. कसली कंपनी, कसली सुपरवायझर, कुणी खोलात गेलं नाही. झाली मूठ झाकलेली, सव्वा लाखाची. तशीच मी ती एकोणीस वर्षं झाकून धरली.

एकदा मात्र मी तिला न्यायला लवकर गेलो आणि दुकानाच्या काचेबाहेर उभा राहिलो. आत जायचं नव्हतं, पण दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. खुर्चीत एक नवीन नोकरी लागलेला माणूस बसला होता. रोज ऑफिसला घालायला बूट हवा होता त्याला. आणि चिडला होता, कारण तो सकाळी अकराला येऊन गेला होता आणि हिने त्याला परत पाठवलं होतं.

"सकाळचा पाय खोटं बोलतो हो," ही त्याला सांगत होती. "दिवसभर चालून, उभं राहून संध्याकाळी थोडा फुगतो, तो तुमचा खरा पाय. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो, आणि शिव्या दुकानाला. काढा बरं पायातला जुना."

"नंबर सात द्या ना."

"नंबर मी विचारलाच नाही अजून." तिने त्याचा जुना बूट उलटा करून तळ बघितला. "दिवसभर उभे असता तुम्ही. आणि भार डाव्या पायावर देता."

"तुम्हाला काय माहीत?"

"तळ झिजलाय की एका बाजूने. दिसतंय."

त्या माणसाचा डोळा समोरच्या एका चकचकीत, टोकदार जोडीवर होता. हिने ती घेतली, दोन्ही हातांनी दुमडली. बूट मधोमध वाकला, घडी घातल्यासारखा. "हा असा वाकतो. तुमचा पाय असा मधोमध वाकतो का? पाय चवड्याशी वाकतो, बूटही तिथेच वाकायला हवा." मग दुसरा काढला, दिसायला अगदी साधा, काळा, लेसचा. "याचा तळ शिवलेला आहे, नुसता चिकटवलेला नाही. झिजला की नवा तळ बसवून मिळतो. आतूनही कातडंच आहे, हात घालून बघा. टाच धरून ठेवतो, पुढे बोटांना हलायला जागा देतो. रोजच्या बुटाकडून आणखी काय पाहिजे?"

त्याने घालून बघितला. लेसच्या दोन बाजूंमध्ये बोटभर फट राहिली, तेव्हा ही खूश झाली. म्हणाली, "फट नसेल तर बूट मोठा, फार असेल तर लहान." तो म्हणाला, "पण तो पहिला मला आवडला होता. सकाळी घालून बघितला, थोडा घट्ट होता, होईल ना सैल?"

"बूट सैल होत नाही हो," ही म्हणाली, "पाय हार मानतो." आणि त्याला एकाच्या जागी दोन साध्या जोड्या घ्यायला लावल्या. एक आज, एक उद्या, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवायचा, म्हणजे घाम सुकतो आणि दोन्ही बूट दुप्पट टिकतात. आलेला चिडून, गेला हसत.

मी बाहेर उभा होतो आणि मला तिचा अभिमान वाटला. खरंच सांगतो, ऊर भरून आला. आणि लगेच मी मागे वळून बघितलं की रस्त्यावरून ऑफिसातलं कुणी जात नाही ना.

आता माझ्या आठ नंबराबद्दल. बापाचा जोडा मुलाला आला की मुलाला मित्र मानावं, म्हणतात. माझे वडील कडक. मित्र वगैरे मानणारे नव्हेत. पण माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी त्यांनी स्वतःचे काळे बूट पॉलिश करून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "घाल. आठ आहे, येईल तुला." आले. म्हणजे मी आणले. करंगळ्या दुमडून, श्वास रोखून त्या खोलीत गेलो आणि नोकरी घेऊन बाहेर आलो. तेव्हापासून मी आठ नंबरचा माणूस. पुढची कित्येक वर्षं दोन्ही करंगळ्यांना कुरूपं होती, चालताना जीव जायचा, पण दुकानात गेलो की "आठ द्या." पुढे कुरूपं गेली. एक पिवळं मलम मिळालं होतं, त्याचा गुण. अजून लोकांना सांगतो मी ते मलम.

ही स्टुलावर बसायला लागली त्याच महिन्यात एकदा म्हणाली, "बसा, तुमचं माप घेते." मी असा भडकलो म्हणता! म्हणालो, "माझ्या पायाशी बसायचं नाही. दुकानात काय करायचं ते कर, घरात नको. आणि माझं माप मला माहीत आहे." तिने पुन्हा विषय काढला नाही. वर्षा-दोन वर्षांनी माझ्यासाठी बूट घेऊन यायची, कधी खोक्याशिवाय, कधी पिशवीतून. मी आत डोकावून आठ बघायचो आणि घालायचो. बसायचे. चोख बसायचे. मी लेकीला म्हणायचो, "बघ, नंबर पक्का असला की झंझट नाही. तुझी आई उगाच लोकांचे पाय मोजत बसते."

लेक आईकडे बघायची आणि आई भाजी ढवळायची.

तर अशा रीतीने सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आमच्या ऑफिसात नवे साहेब आले. आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. मीटर, बिलं, तक्रारी. चौतीस माणसं, मी हेडक्लार्क. साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे चेहरे नाही, पाय बघितले. कुणाच्या पायात सँडल, कुणाच्या खेळाचे बूट, एकाच्या तर चक्क घरातल्या सपाता. साहेब म्हणाले, लोकांसमोर दिवसभर उभं राहायचं तर पायात नीट काहीतरी हवं, ऑफिसतर्फे प्रत्येकाला काळ्या कातड्याचा चांगला जोड देऊ. एक तक्ता फिरवला. नाव, हुद्दा, बुटाचा नंबर.

तक्ता पहिल्यांदा अर्थातच हेडक्लार्ककडे आला. मी लिहिलं, आठ. मग तो पुढे गेला. आता आमच्या ऑफिसची एक रीत सांगतो. आमच्याकडे कुठलाही तक्ता आला की पहिला माणूस लिहितो आणि खालचे सगळे 'वरीलप्रमाणे' लिहून सही ठोकतात. हजेरी असो, रजेचं कारण असो, प्रशिक्षणाबद्दलचं मत असो. एकदा रजेच्या तक्त्यात पहिल्याने 'पत्नीची प्रसूती' लिहिलं होतं, तर खालच्या नऊ जणांच्या बायका एकाच आठवड्यात बाळंत झाल्या होत्या. त्यातले दोघे अविवाहित होते. तर बुटांच्या तक्त्यावर पहिली ओळ माझी, आठ. आणि खाली तेहतीस वेळा, वरीलप्रमाणे.

जेवताना ही म्हणाली, "अहो, तुमच्या ऑफिसात माणसं साच्यातून काढतात का?"

"का?"

"चौतीस माणसं आणि सगळ्यांचा नंबर आठ. आज दुकानात तक्ता आला तुमच्या साहेबांच्या सहीचा. सगळ्यात वर तुमचं नाव."

कुठल्या दुकानाला काम द्यायचं ते आमचा कॅशियर बघतो. शहरात बुटांची दुकानं काय कमी आहेत? नेमकं हेच सापडलं त्याला! लेक इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "वरीलप्रमाणे! बाबा, कमाल आहे तुमची!"

"यात माझी काय कमाल? मी आपला माझा नंबर लिहिला."

"मी मालकांना सांगितलं, या आकड्यांवर मी एकही जोड देणार नाही," ही म्हणाली. "चौतीस माणसं रोज आठ-आठ तास घालणार ते बूट. मालकांनी साहेबांना फोन केला. गुरुवारी चार वाजता येतेय मी तुमच्याकडे, माप घ्यायला."

"दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरं कोण आहे?"

मी हात धुतले, पुसले, परत आलो. मग म्हणालो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण म्हणालो खरं. "मग एक कर. तिथे ओळख दाखवू नकोस. तू दुकानाची बाई, मी हेडक्लार्क. बस."

लेकीने चमचा खाली ठेवला. ही भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. ती म्हणाली, "बरं," आणि ताटं उचलून आत गेली.

लेक म्हणाली, "बाबा, आई समोर बसलेली असताना तुम्ही तिला ओळखलं नाहीत, तर माझ्यासमोर कधी तोंड उघडून तिच्याबद्दल बोलू नका. आणि माझ्याबद्दलही नका." आमची लेक उगाच धमक्या देणाऱ्यांतली नाही. ती आईवर गेली आहे. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि मला कळून चुकलं की गुरुवारी चार वाजता माझं घर पणाला लागलंय. तरी माझा हट्ट सुटेना. एकोणीस वर्षांचं खोटं एका दुपारी कसं सोडायचं?

गुरुवारी बरोबर चारला ती आली. अंगात दुकानाचा निळा एप्रन, एका हातात ते बुटकं स्टूल, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत मापाची लाकडी फळी, बूट चढवायची पट्टी आणि तिची जाड वही. मी दारातच होतो. ती म्हणाली, "नमस्कार साहेब, कुठे बसू?" मी बोटाने खिडकीजवळची जागा दाखवली. साधं 'या' म्हणालो नाही.

पहिला आला आमचा लंबू. काउंटरवर असतो, सहा फूट तीन इंच. हिने त्याचा पाय फळीवर घेतला, टाच मागे टेकवली, फळीवरची सरकपट्टी बोटांपर्यंत पुढे नेली. "अकरा," ती म्हणाली. "आठ का लिहिलंत?"

"वरती हेडक्लार्कसाहेबांनी लिहिलं होतं म्हणून."

सगळे हसले. ती हसली नाही. त्याच्या खेळाच्या बुटांची मागची बाजू त्याने ब्लेडने कापली होती, ती तिने बघितली. लंबू ओशाळून म्हणाला, "अकरा मिळत नाही हो कुठे. दुकानदार नऊ दाखवतात, म्हणतात ॲडजस्ट करा."

"पाय मिळालाय ना अकराचा? मग बूटही मिळेल. मी मागवते." तिने वहीत लिहिलं, आणि लंबू खुर्चीतून उठला तो ताठ उठला. एरवी तो पोक काढून चालतो.

मग एकामागून एक. मी टेबलावर फाइल उघडून बसलो होतो, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ. आमच्या लोकांना पहिल्यांदा लाज वाटत होती, कारण निम्म्यांचे मोजे फाटके. माझ्या लक्षात आलं, कुणाच्या मोज्यातून अंगठा डोकावतोय असं दिसलं की ही हातातला फडका आधीच त्या पायावर टाकायची, जसं काही मापाला फडका लागतोच. एकालाही कळलं नाही की तिने बघितलं. स्टोअरकीपरच्या पावलावर तिने ठिकठिकाणी दाबलं, विचारलं, "इथे दाबलेलं कळतं?" तो म्हणाला, "फारसं नाही." ती म्हणाली, "तुमचं माप आज घेते, पण बूट नंतर. आधी डॉक्टरांना पाय दाखवून या. साखर तपासा." तो गंभीर झाला आणि तिचे आभार मानून गेला.

साहेब स्वतः आले, सगळ्यांसारखे रांगेतून. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला. "मोठ्या पायाचं माप धरायचं," ती त्यांना म्हणाली. "लहान पायाला आत पातळ तळवा घालून देईन. लहानाची मर्जी राखायला गेलं की मोठ्याला त्रास होतो."

साहेब हसून म्हणाले, "बाई, हे ऑफिसलाही लागू आहे." पाच वाजेपर्यंत तर असं झालं होतं की माप देऊन झालेले लोकही जाईनात. तिच्याभोवती उभे राहून विचारत होते, पॉलिश कुठलं, पावसात भिजले तर काय करायचं, टाच का दुखते. ती एकेकाला सांगत होती, मान वर न करता, हात न थांबवता. "भिजले तर चुलीजवळ, हीटरजवळ नका ठेवू, कातडं तडकतं. सावलीत वाळू द्या." माझ्या खात्यात इतकी वर्षं कुणी इतकं मन लावून काही ऐकलेलं मी पाहिलं नाही. माझं तर कधीच नाही.

तेवढ्यात कॅशियर माझ्या टेबलाला टेकून उभा राहिला. जीभ म्हणजे कात्री. "बाई हुशार आहे हो," तो म्हणाला. "पण हिच्या नवऱ्याला चालतं कसं? दिवसभर परक्यांचे पाय! बेकार असणार नवरा, घरी बसून खाणारा. लावता पैज?"

आणि मी, सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस, म्हणालो, "असेल."

ती आमच्यापासून पाच-सहा पावलांवर होती. पाठ माझ्याकडे होती. पण फळीवरची सरकपट्टी क्षणभर थांबली आणि मग पुढे सरकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हेडक्लार्कसाहेब राहिले," कुणीतरी ओरडलं.

"माझा आठ. लिहून टाका."

"सगळ्यांनी द्यायचं," साहेब केबिनच्या दारातून म्हणाले. "तुमच्या आठामुळेच हा घोळ झालाय."

गेलो. बसलो. तिने माझा बूट काढला आणि माझा पाय हातात घेतला. चोवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तिचे हात गार होते, बोटांना पॉलिशचा वास होता. तिने टाच मागे टेकवली, सरकपट्टी पुढे आणली. पट्टी आठवरून गेली. नऊवरून गेली. साडेनऊवर थांबली. मी बघत होतो, आंधळा नाही मी.

"आठ," ती मोठ्याने म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती वहीत लिहीत होती. खाली वाकल्यासारखं करून मी वाचलं: साडेनऊ, रुंद.

मग माझी नजर बाजूला पडलेल्या माझ्या बुटाकडे गेली. खिडकीतलं ऊन थेट त्याच्या आत पडलं होतं. आतल्या अस्तरावर आठ होता, इंग्रजीतला. रोज बघतो तो. पण आठच्या भोवती कातड्याचा रंग थोडा उडाला होता, कुणीतरी आधीचं काही घासून काढल्यासारखा. आणि तो आठ छापलेला नव्हता. शाईने काढलेला होता, दोन गोल, एकावर एक, वेगवेगळे. असा आठ सगळ्या जगात एकच बाई काढते. आमच्या फ्रिजवर फोन नंबर लिहिलेत त्यांत तसे पाच आठ आहेत. लेक चिडवते, "आई, तुझा आठ म्हणजे दोन शून्यं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली."

एकोणीस वर्षं. दहा-बारा जोड तरी झाले असतील. दर वेळी ती दुकानात बसून खरा नंबर पुसत होती आणि माझ्यासाठी आठ काढत होती. आणि मी मलमाचे गुण गात होतो! आत्ता, मी सगळ्यांसमोर तिला नाकारल्यावर दोन मिनिटांनी, ती पुन्हा माझी लाज राखत होती. घरात नव्हे, भर ऑफिसात, चौतीस माणसांत.

"झालं साहेब," ती म्हणाली. "उठा."

मी उठलो, पण बूट घातले नाहीत. मोज्यांवर उभा राहिलो. "जरा ऐका सगळे," मी म्हणालो. मी असं म्हटलं की लोकांना वाटतं परिपत्रक आलं. सगळे माझ्याकडे वळले. "माझा नंबर आठ नाही. साडेनऊ आहे. आणि कॅशियरसाहेब, तुम्ही पैज हरलात. या बाईंचा नवरा बेकार नाही. मूर्ख आहे. तो मी."

मी पुढे म्हणालो, आवाज चिरकला तरी म्हणालो, "ही माझी बायको. सुपरवायझर वगैरे नाही. मी खोटं सांगत होतो तुम्हाला. ही बुटांच्या दुकानात माप घेते, आणि या शहरात तिच्यासारखं माप कुणी घेत नाही."

कॅशियरने आयुष्यात पहिल्यांदा काही बोलायचं टाळलं. लंबूने टाळी वाजवली, एकच, मग त्याला कळेना पुढे वाजवावी की नाही. साहेब आपल्या पायांकडे बघत होते.

हिने मान वर केली नाही. फळीवरचा फडका झटकत म्हणाली, "बूट घाला आधी. फरशी गार आहे." पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता, आणि वही पिशवीत घालताना ती दोनदा चुकली.

घरी येताना स्टूल मी घेतलं. ती नको म्हणाली, मी दिलं नाही. रस्ताभर मी विचारत होतो. "पण माप कसं घेतलंस गं? मी तर कधी पायाला हात लावू दिला नाही."

"तुम्ही अंघोळ करून पाय न पुसता बाहेर येता," ती म्हणाली. "फरशीभर ओली पावलं. आधी दोन वर्षं ओरडले, ऐकलं नाहीत. मग म्हटलं, ओरडून काय उपयोग? माप तरी घेऊ. आधी नऊ होता. गेल्या पाच वर्षांत साडेनऊ झालात."

म्हणजे फरशी पुसायला इतका वेळ का लावतेस, म्हणून मी रोज सकाळी जो तमाशा करायचो, तेव्हा ती माझा पाय वितीने मोजत असायची. आता बोला!

"आणि सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या वडिलांचा होता ना तो आठ." ती म्हणाली, "राहू दे म्हटलं. पाय सुखी असला की झालं."

मला रस्त्यात रडू आलं. मी स्टूल दुसऱ्या हातात घेतलं, म्हणजे एक हात तोंड पुसायला मोकळा झाला. जिन्यापाशी आल्यावर माझ्या डोक्यात एक प्रश्न आला आणि मी मधल्या पायरीवर उभाच राहिलो. तिच्या पायात तपकिरी सँडल होत्या, टाचेला झिजलेल्या, किती वर्षांच्या कोण जाणे.

"तुझा नंबर किती?" मी विचारलं.

ती वरच्या पायरीवरून वळली. "चोवीस वर्षांनी विचारताय," ती म्हणाली. भांडून नाही, नुसतं म्हणाली.

लेकीने दार उघडलं तेव्हा मी हॉलमध्ये स्टूल मांडत होतो. बायकोला खुर्चीत बसवलं, एप्रनसकट. स्टूल किती बुटकं असतं हे त्यावर बसल्याशिवाय कळत नाही, माझे गुडघे कानाशी आले. मी फळी पुढे ओढली, तिचा पाय त्यावर ठेवला आणि सरकपट्टी सरकवली. लेक दारातच उभी होती.

"सहा," मी म्हणालो.

"टाच मागे टेकवली नाहीत तुम्ही," बायको म्हणाली. "आधी टाच टेकवायची. पुन्हा घ्या."

मी टाच टेकवली आणि पुन्हा माप घेतलं.